‘मला माझी गाडी कळते’

वाईट गाडी चालवणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. रस्त्यावर असे रोज दिसतात, पण गप्पांत एकही सापडत नाही. जो तो उत्तम चालवतो आणि अपघात करणारे कोणी तिसरेच असतात. या उत्तम चालकांचं वेगमर्यादेबद्दल एक ठाम मत असतं. रस्ता मोकळा आहे, हवा कोरडी आहे, गाडी नवी आहे, वीस वर्षं हात बसलेला आहे. अशा वेळी ऐंशी सुरक्षित की शंभर, हे कार्यालयात बसून फलकावर आकडा लिहिणाऱ्याला जास्त कळणार की स्टिअरिंगवर बसलेल्या मला? मला माझी गाडी कळते.

हे मत मूर्खपणाचं नाही. म्हणूनच ते हसण्यावारी न नेता खोडून काढायला हवं.

आधी त्यातलं खरं मान्य करू. आपल्याकडचे वेगाचे फलक आदर वाटावा असे नसतात. पुलाचं काम संपून वर्ष उलटलं तरी ‘वेग २०’ तसाच उभा असतो. रुंद, सरळ, चौपदरी रस्त्यावर मध्येच ४० उगवतो आणि त्याचं कारण दिसत नाही. दिसते ती थोडं पुढे झाडाआड उभी असलेली पोलिसांची गाडी. समृद्धी महामार्ग सपाट भागात ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून आखला गेला आणि त्यावर मर्यादा लावली १२० ची. म्हणजे रस्ता एक सांगतो, फलक दुसरं. अशा वेळी माणूस रस्त्याचं ऐकतो.

या मताला अभियांत्रिकीचाही आधार आहे. अमेरिकेत अनेक दशकं एक पद्धत रूढ आहे. रस्त्यावरची वाहतूक मोकळी असताना गाड्यांचे वेग मोजायचे आणि शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत धावतात, त्याच्या आसपास मर्यादा ठरवायची. त्यामागचा विश्वास असा, की बहुतेक माणसं शहाणी असतात आणि त्यांना जो वेग बरा वाटतो तो बराच असतो. शिवाय जर्मनी आहेच. तिथल्या ऑटोबानच्या मोठ्या भागावर सक्तीची मर्यादा नाही, १९७८ पासून फक्त १३० ची शिफारस आहे. आपल्या चालकाला एवढा दाखला पुरतो.

आता हे मत कुठे कोसळतं ते पाहू.

अंदाज सुधारतो तो चूक कळल्यामुळे. भाजीत मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला कळतं आणि दुसऱ्या दिवशी हात आवरतो. वेगाचं तसं होत नाही. ११० ने गेलेला माणूस हजार वेळा सुखरूप घरी पोचतो आणि त्या प्रत्येक वेळी त्याला एकच धडा मिळतो: ११० सुरक्षित आहे. त्याच्या आणि अपघाताच्या मध्ये किती अंतर उरलं होतं, हे त्याला कोणी सांगत नाही. स्वीडनमधल्या अभ्यासांतून निघालेलं आणि आज जगभर वापरलं जाणारं एक गणित आहे. रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, की जीवघेणे अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात. देशाच्या हिशोबात हा फरक हजारो माणसांचा होतो. एकट्या चालकाला मात्र तो आयुष्यभर गाडी चालवूनही जाणवणार नाही. ज्याचा अनुभव येऊच शकत नाही, त्याचा अंदाज अनुभवातून कसा येणार?

उरतो आत्मविश्वास. तो भरपूर असतो. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली चालकांना त्यांचं कौशल्य इतरांच्या तुलनेत कुठे बसतं ते विचारलं. त्याच्या अमेरिकी गटातल्या ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवलं. वरच्या अर्ध्यात ९३ टक्के मावत नाहीत, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही.

गणिताचाच विषय निघाला आहे, तर एक हिशोब मांडू. गावातून जाणारा रस्ता. एक गाडी ५० ने येतेय, शेजारून दुसरी ७० ने. समोर मूल आलं. दोन्ही चालक सारखेच चपळ, दोघांनाही ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद लागतो. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम. पहिली गाडी साधारण ३५ मीटरवर थांबते. दुसरी त्याच ३५ मीटरच्या रेषेवर पोचते तेव्हा तिचा वेग अजून ६० च्या वर असतो, कारण तिचे जवळपास ३० मीटर नुसतं ‘अरे!’ म्हणण्यात गेलेले असतात. फरक फक्त वीसचा होता. मूल त्या रेषेवर उभं असेल, तर पहिली गाडी त्याच्यापाशी थांबते आणि दुसरी त्याला साठच्या वेगाने धडकते. हे कोणत्याही चालकाला आतून ‘जाणवत’ नाही. उलट महामार्गावर तासभर शंभरने आलेल्याला गावात शिरल्यावर ७० म्हणजे रांगणं वाटतं.

पण माझा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. समजा, तुम्ही खरोखरच अपवाद आहात. तुमचा अंदाज अचूक आहे, नजर तीक्ष्ण आहे. तरीही तुमच्या एकट्याच्या अंदाजावर काम भागत नाही, कारण रस्त्यावर तुमच्या वेगाचा अंदाज घेणारे तुम्ही एकटे नसता.

दुभाजकाच्या फटीत स्कूटर घेऊन उभी असलेली बाई तुमच्या वेगाचा अंदाज घेते आणि ‘निघेन मी एवढ्यात’ असं ठरवते. पलीकडच्या थांब्यावर एसटी येताना दिसलेले आजोबा तोच अंदाज घेतात. शाळा सुटलेली पोरंही घेतात आणि त्यांना तो घेता येत नाही. रॉयल हॉलोवे या लंडन विद्यापीठाच्या कॉलेजातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या, वर येणाऱ्या गाडीचा वेग प्राथमिक शाळेतल्या मुलांना नीट ओळखता येत नाही. हा मुलांचा बेशिस्तपणा नाही. नजर अजून तेवढी तयार झालेली नसते. तुम्ही ८० ने येता तेव्हा तुमचं कौशल्य त्या मुलाच्या डोळ्यांत उतरत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात गळिताच्या हंगामात रात्री गाडी चालवलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. उसाने लादलेली बैलगाडी, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. समोरून गाडी येतेय म्हणून तुम्ही डिपरवर आहात, म्हणजे नीट दिसतं ते पुढचे चाळीस-पन्नास मीटर. ८० च्या वेगात गाडी थांबायला सत्तरच्या आसपास मीटर लागतात. म्हणजे जे दिसणार आहे त्याच्यावर तुम्ही आदळणार, हे दिसण्याआधीच ठरलेलं असतं. गाडीवानाने दिवा लावायला हवा होता, हे बरोबरच आहे. त्याची चूक मान्य केली म्हणून बैलांचे आणि तुमचे मधले मीटर वाढत नाहीत.

वेगमर्यादा या लोकांसाठी असते. रस्त्यावर गाडीबाहेर असलेल्या प्रत्येकाला समाजाने दिलेला तो शब्द आहे: येणारी गाडी साधारण एवढ्याच वेगाने येईल, त्या हिशोबाने पाऊल टाक. चालक स्वतःच्या कौशल्यावर विसंबून तो मोडतो, तेव्हा तो दुसऱ्याचा हिशोब चुकवतो. अमेरिकेच्या त्या ८५ टक्क्यांच्या पद्धतीतली खोटही हीच आहे. तिथे मोजणी गाड्यांची होते. रस्त्याच्या कडेला ताटकळणाऱ्यांचं मत कोणी मोजत नाही. आणि सगळेच थोडे जोरात जाऊ लागले, की पुढच्या मोजणीत तोच वेग शहाणपणाचा ठरतो.

चालकाच्या विवेकावर सगळं सोपवण्याचा प्रयोग झालेलाही आहे. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतली देशव्यापी वेगमर्यादा उठली, तेव्हा मोंटाना राज्याने गाड्यांसाठी दिवसा आकडाच ठेवला नाही. वेग ‘वाजवी आणि समंजस’ असावा, एवढंच कायदा सांगत होता. ताशी ८५ मैलांनी जाणाऱ्या एकाला दंड झाला. मग किती वेग चालला असता, या प्रश्नाचं नेमकं उत्तर सरकारपक्षाकडे नव्हतं. डिसेंबर १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद संदिग्ध म्हणून घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्या वर्षी आकडा परत आला. ‘वाजवी’ म्हणजे किती, यावर दोन शहाण्या माणसांचं एकमत होत नाही, हे कळायला मोंटानाला तीन वर्षं लागली.

जर्मनीचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरा द्यावा. ऑटोबानवर पादचारी नाही, सायकल नाही, बैलगाडी तर नाहीच. त्याच जर्मनीत गावात शिरलं की ५० ची सक्ती सुरू होते. आणि तिथे कारचा परवाना मिळण्याआधी महामार्गावरचे आणि रात्रीचे शिकवणीचे तास पुरे करावेच लागतात. आपल्याकडे परवाना कसा मिळतो, हे वाचकाला मी सांगायची गरज नाही.

केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतल्या ७१ टक्के मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण लिहिलेलं आहे. पंचनाम्यात हा रकाना भरणं सोपं असतं, हा आक्षेप मला मान्य आहे. खड्डा, चुकीचं वळण, नसलेला दिवा हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं. पण निम्मे मृत्यू वगळले तरी उरतात ते साठ हजार.

म्हणून सरकारकडे मागणी हवी ती चोख फलकांची: काम संपलं की जुना फलक काढा, मर्यादा बदलते तिथे कारण लिहा, गावातून जाणारा रस्ता गावातल्यासारखाच बांधा. केंद्राने २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांवरची मर्यादा १२० वर नेली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द करताना विचारलेली गोष्ट साधी होती: इंजिनं सुधारली, रस्ते सुधारले, चालकांची शिस्त सुधारली का?

आणि हे सगळं कशासाठी? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. घाट नाही, टोल नाही, ट्रक नाही असं धरून तो अख्खा रस्ता १०० ऐवजी १२० ने कापला, तर वाचतात साडेनऊ मिनिटं. कॅमेरा आला की ब्रेक आणि कॅमेरा सरला की पुन्हा दाब, असं करणाऱ्याची तेवढीही वाचत नाहीत.

तुम्हाला तुमची गाडी कळते, हे मान्य. दुभाजकाच्या फटीत उभ्या असलेल्या बाईला ती कळत नाही. तिच्याकडे फक्त फलकावरचा आकडा आहे, आणि तुम्ही तो पाळाल हा भरवसा.