खडीचं मैदान

"मामा, असले क्लब आता बंदच करावेत. हिशेब जमत नाही!" माझा मेलबर्नचा भाचा म्हणाला आणि माझा चहा बशीत हिंदकळला.

विषय टास्मानियातल्या क्वीन्सटाउनचा. तांब्याच्या खाणीचं गाव. भट्ट्यांसाठी झाडं तोडली, उरलेली गंधकाच्या धुराने मेली, माती पावसाने नेली. फुटबॉलचं मैदान खडीचं! शंभर वर्षांवर तिथली पोरं अठरा-अठराच्या संघांनी त्यावर पडत आली, गुडघ्यांची सालं ठेवून घरी जात आली. (मी अंगणातल्या खडीवर चपलेशिवाय दोन पावलं टाकत नाही.)

कंपनीने १९९४ साली खाण सोडली. दुसऱ्यांनी चालवली, ती तीन कामगार गेल्यावर २०१४ साली थांबली. डोंगर बोडके करणाऱ्यांना हिशेब कुणी विचारला? आणि क्लबाने मात्र वही दाखवायची! अहो, या खेळात गोलाचे सहा गुण, पण थोडक्यात हुकलेल्यालाही एक मिळतो. तो एक गुण गावाला द्यायला काय जातं?

"पण मामा, बघायला येतं कोण?"

"ज्यांचे गुडघे तिथे फुटले, ते."

भाच्याने विषय बदलला. त्याचे गुडघे अजून कोरे आहेत.