एका वर्षाचा निकाल

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : "पास की नापास ?" इतिहास वाचतानाही आपण हीच सवय बाळगतो, जिंकला तो थोर आणि हरला तो संपला, असे ठरवून मोकळे होतो. ही कसोटी किती तोकडी आहे, हे पाहावयाचे असेल तर इ. स. १८५९ या एकाच सालाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

त्या वर्षी १८ एप्रिल रोजी शिवपुरी येथे तात्या टोपे यांना फाशी देण्यात आली. त्याच वर्षी २ डिसेंबरला, सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत जॉन ब्राऊन फासावर गेले. गुलामांच्या मुक्ततेसाठी मूठभर सोबती घेऊन त्यांनी हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर छापा घातला होता. तो दोन दिवसांतच फसला. या दोघांची कधी गाठ पडली नाही. पण दोघेही त्या वेळच्या सत्तेच्या लेखी बंडखोरच. वर्षअखेरीस कोणी हिशेब मांडला असता तर दोघांच्याही नावापुढे 'नापास' असाच शेरा पडला असता. परंतु १८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली आणि १९४७ साली भारत स्वतंत्र झाला. एका निकालास सहा वर्षे लागली, दुसऱ्यास अठ्ठ्याऐंशी !

आता त्या वर्षीचा विजेता पाहा. २४ जून रोजी इटलीत सोल्फेरिनो येथे फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने सार्डिनियाच्या साथीने ऑस्ट्रियाचा पराभव केला. हजारो जखमी सैनिक पाण्यावाचून तळमळत होते. जिनीव्हाचे हेन्री ड्यूनांट आपल्या व्यापाराच्या कामासाठी तिकडे आले होते. काम बाजूस ठेवून, जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रियांच्या मदतीने, शत्रू-मित्र न पाहता त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. त्या अनुभवातूनच १८६३ साली रेडक्रॉसचा पाया घातला गेला. विजयी सम्राट मात्र १८७० साली सेदान येथे स्वतःच कैद झाला व त्याचे सिंहासन गेले.

मग प्रत्येक पराभव वंदनीय मानावयाचा काय ? आमचे तसे म्हणणे नाही. अमेरिकेतील गुलामगिरी एका फाशीने संपली नाही; त्यासाठी चार वर्षांच्या यादवी युद्धात लाखो माणसे मेली. आपल्या स्वातंत्र्यासाठीही पिढ्यान् पिढ्या झिजल्या. हरलेल्याचे कार्य मागून येणारे कोणी उचलते, तेव्हाच त्या पराभवाला फळ येते. ते उचलले नाही, तर दोष हरणाऱ्याचा नव्हे, मागून येणाऱ्यांचा.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, सनावळी पाठ करताना प्रत्येक सनापुढे 'हे कार्य पुढे कोणी नेले ?' हा प्रश्न लिहून ठेवा. आणि पालकांना आमची विनंती एवढीच, की प्रगतिपुस्तक हाती आल्यावर मुलाला केवळ "पास की नापास" असे विचारू नये, "आता पुढे काय करणार?" हेही विचारावे.