नाताळ करावा की न करावा?

डिसेंबरचा उत्तरार्ध जवळ आला की ख्रिस्ती समाजात एक जुना वाद दरवर्षी नव्याने डोके वर काढतो. ख्रिस्ती माणसाने नाताळ साजरा करावा काय? ख्रिस्तीतर वाचकाला हा प्रश्नच चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. सणावारांना विरोध करणारे सुधारक आपल्याकडेही होऊन गेले, परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांनी हा विरोध परंपरेच्या उंबरठ्याबाहेर उभे राहून केला. नाताळाला हरकत घेणारे मात्र श्रद्धेच्या आत, किंबहुना गाभाऱ्यातच उभे असतात. ख्रिस्तावर प्रेम आहे म्हणूनच आम्ही त्याचा जन्मदिवस करीत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. ते हसण्यावारी नेण्याजोगे खचितच नाही.

आम्ही धर्मशास्त्राचे अधिकारी नव्हे. मराठी वाङ्मय शिकवणे हा आमचा व्यवसाय. तरीही या वादात आम्ही बोलू इच्छितो, याचे कारण हा वाद मुळात ग्रंथवाचनाचा आहे. संहिता ज्याविषयी मौन पाळते ते निषिद्ध मानायचे की मोकळे सोडलेले मानायचे, हा त्यातला कळीचा मुद्दा. आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्याला परका नसावा.

पहिला आक्षेप या मौनाचाच आहे. प्रभुभोजनाची आज्ञा नव्या करारात आहे, बाप्तिस्म्याची आहे, जन्मोत्सवाची नाही. मार्कचे शुभवर्तमान सुरू होते तेव्हा येशू प्रौढ आहे. योहान तर आरंभीच शब्दाच्या अनादित्वाकडे जातो, गव्हाणीकडे फिरकतही नाही. जन्मकथा सांगतात ते मत्तय आणि लूक, आणि त्यांच्याही कथा निराळ्या. तारा, पूर्वेकडचे मागी आणि हेरोदाचा क्रोध मत्तयाकडे. शिरगणती, गव्हाणी आणि मेंढपाळ लूककडे. आज घरोघरी मांडलेल्या गोठ्यात मागी आणि मेंढपाळ शेजारी शेजारी उभे असतात. ग्रंथात त्यांची गाठ कधी पडतच नाही. म्हणजे गोठा हे मूळ संहितेचे चित्र नसून दोन संहितांवरचे भक्तांचे भाष्य आहे. आक्षेपक याला भेसळ म्हणतात. आम्ही याला वाचन म्हणू. मूळ कथेतल्या मोकळ्या जागा भरीतच आपल्याकडची आख्यानपरंपरा वाढली, हे मराठीच्या अभ्यासकाला निराळे सांगायला नको.

प्रारंभीच्या ख्रिस्ती मंडळींना जन्मदिवसाचे अगत्य नव्हते, हेही खरे. तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेनने तर वाढदिवस साजरे करण्याविषयी स्पष्ट नापसंती दाखवली होती. बायबलात ज्यांच्या वाढदिवसाच्या मेजवानीची हकिकत येते ते कोण, तर मिसरचा फारो आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर उतरवणारा हेरोद! परंतु याच मंडळींची दुसरी एक रीत आम्हाला विलक्षण अर्थपूर्ण वाटते. हुतात्म्याच्या मृत्यूचा दिवस ते पाळीत आणि त्यालाच ‘जन्मदिवस’ म्हणत. त्यासाठीचा लॅटिन शब्द ‘नातालिस’. त्याच कुळातला पोर्तुगीज ‘नाताल’ आपल्याकडे आला आणि नाताळ झाला. ज्ञानदेवांचा समाधिसोहळा आणि तुकोबांची बीज पाळणाऱ्या महाराष्ट्राला मृत्युतिथीतले हे मंगल समजावून द्यावे लागत नाही. इंग्रजीतला ‘ख्रिसमस’ पोटात मिस्सा घेऊन येतो, म्हणून कडव्या प्रॉटेस्टंटांना तो शब्दही खुपत असे. मराठीतला नाताळ केवळ जन्म सांगतो.

दुसरा आक्षेप तारखेचा. २५ डिसेंबर ही येशूची जन्मतारीख असल्याचा कोणताही आधार शुभवर्तमानांत नाही. ही तारीख ठळकपणे भेटते ती इ. स. ३५४ मध्ये सिद्ध झालेल्या एका रोमन कालपत्रिकेत. आणि त्याच पत्रिकेत त्याच दिवशी अजिंक्य सूर्याच्या जन्माचीही नोंद आहे. तेव्हा चर्चने सूर्यपूजकांचा सण उचलला, असे एक मत. दुसरे मत असे की २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस मानून नऊ महिने मोजले गेले. अभ्यासकांत यावर एकवाक्यता नाही. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करते, आणि जुने ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. पण घटकाभर पहिले मत सर्वस्वी खरे धरले, तरी त्याने सिद्ध काय होते? वस्तू कुठून आली यावरून तिचा आजचा अर्थ ठरत नाही. तसे असते तर ओवी जात्यावरच राहिली असती, ज्ञानेश्वरीत आली नसती.

शुद्धतेचा हा आग्रह टोकाला गेला म्हणजे काय होते, याची साक्ष इतिहासात आहे. जून १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ रद्द केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कँटरबरीत लोकांनी दंगल केली. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ मध्ये. हे सारे ख्रिस्ताच्या शत्रूंनी केले नाही. ते करणारे दिवसरात्र बायबल वाचणारे लोक होते.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ. आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या, ही नवख्रिस्तींची मागणी या ग्रंथातच नोंदलेली आहे. आमच्या दृष्टीने साऱ्या वादाची किल्ली इथे आहे. काढून घेणे सोपे असते. जागा रिकामी ठेवून माणसे जगत नाहीत. इंग्लंडने नाताळ काढून घेतला, त्याच्या तीस वर्षे आधी एका इंग्रजाने ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत बसवून गोव्याला दिली होती. दोघांपैकी माणसाचे मन कोणाला अधिक कळले होते, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

अर्थात गोव्याची कथा इतकी गोड नाही. तिथल्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये फर्मान काढून धर्मांतरितांच्या देशी चालीरीतींवर बंदी घातली. दारची तुळस, धोतर, चोळी, लग्नातली देशी गाणी, काहीही सुटले नाही. सूर्यपूजकांची तारीख स्वतः पचवल्याचा आरोप जिच्यावर आहे, त्या संस्थेला गोव्यातल्या तुळशीचे भय वाटावे! मूर्तिपूजकांचा म्हणून नाताळ टाका, असे आज सांगणाऱ्यांनी हा युक्तिवाद आधी कोणाच्या हाती होता आणि त्याने कोणाची अंगणे उजाड केली, हे एकदा पाहावे. लोकांनी मात्र आपला मार्ग काढला. गोव्यात चवथीच्या नेवऱ्या नाताळलाही होतात. नगर-औरंगाबादकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाला करंजी असते. तिच्यातून कोणाची श्रद्धा बाटल्याचे ऐकिवात नाही.

नगरचा उल्लेख आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आले. या मिशनचे मूळ न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वारशात होते, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळला कायदेशीर सुट्टी मिळाली ती थेट १८५६ मध्ये. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट परंपरेत सणावारांविषयी जो संकोच अधूनमधून दिसतो, त्याचे एक मूळ इथे असावे असा आमचा तर्क आहे. याच मिशनच्या परिसरात १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांनी काम केले. त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचा आणि भजनाचा घाट दिला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा ध्यास घेतला. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले; ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. तीनशे वर्षांच्या अंतराने स्टीफन्स आणि टिळक एकच गोष्ट करीत होते. ख्रिस्ताची कथा मराठी माणसाच्या कानाला आपली वाटावी, ही ती गोष्ट. सण हे त्याच कामाचे लोकांनी, पुस्तकाविना चालवलेले रूप आहे.

तिसरा आक्षेप बाजाराचा. आणि इथे आम्ही आक्षेपकांच्या बाजूला आहोत. केळी-नारळाच्या वाड्यांत प्लास्टिकचे सूचिपर्ण झाड, त्यावर कापसाचा बर्फ आणि दुकानाच्या दारात घंटा वाजवणारा लाल डगल्यातला म्हातारा, हा देखावा आता ख्रिस्ती वस्तीपेक्षा मॉलमध्ये अधिक दिसतो. त्यात तान्हे मूल शोधूनही सापडत नाही. मात्र बाजाराने सण गिळला म्हणून सणच टाकायचा, तर आपल्या पदरी कोणताच सण उरणार नाही.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. नाताळ करावा का, हा प्रश्न ज्यांना करता येतो त्यांचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. श्रद्धेने ख्रिस्ती आणि कागदोपत्री हिंदू अशा कुटुंबाने दारावर तारा टांगणे ही नुसती सजावट उरत नाही. त्यात मुलाच्या शिक्षणाचा, नोकरीचा प्रश्न गुंतलेला असतो. तारखेच्या शुद्धतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी आणि रोषणाईवर हजारो रुपये उधळणाऱ्यांनी, दोघांनीही, त्या न टांगलेल्या ताऱ्याचा विचार केला पाहिजे. आणि ज्या मंडळीत आजही जात विचारून सोयरीक जुळते, तिला उतारशाळेत जागा न मिळालेल्या कुटुंबाची कथा वाचण्याचा अधिकार किती, हेही एकदा विचारावे.

कारण ती कथा तशी गोड नाहीच. सरकारी शिरगणतीसाठी प्रवास करणारी अवघडलेली बाई, जनावरांच्या गव्हाणीतले मूल, राजाने मारवलेली बेथलेहेमची बालके आणि रातोरात मिसरकडे पळालेले कुटुंब. डिसेंबर २०२३ मध्ये गाझातल्या युद्धामुळे खुद्द बेथलेहेममधल्या चर्चप्रमुखांनी जाहीर समारंभ रद्द केले, आणि तिथल्या लुथरन चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती पडक्या इमारतीसारख्या दगडविटांच्या ढिगात ठेवली गेली. समारंभ झाला नाही, उपासना झाली. नाताळ केला की नाही केला? आमच्या मते त्या वर्षी तो इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा अधिक झाला.

तेव्हा आमचे मत असे. नाताळ करावा. आज्ञा आहे म्हणून नव्हे, कारण ती नाहीच. समाजाचे स्मरण केवळ ग्रंथात टिकत नाही, त्याला पंचांगात जागा लागते, म्हणून करावा. जो करीत नाही त्याला मात्र कमी प्रतीचा ख्रिस्ती लेखू नये. एकजण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सारे दिवस सारखे मानतो, आणि दोघेही ते प्रभूसाठीच करतात, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात समजावले आहे. ज्या पंथात नाताळ नाही आणि ज्या घरात नाताळाचा थाट आहे, अशांच्या सोयरिकी याच मुद्द्यावर तुटत असतील, तर दोन्ही घरांनी ते पत्र वाचूनही वाचलेले नाही. सणाला लागणारी कसोटी आमच्या लेखी एकच आहे. त्या रात्री ज्याला दार उघडले गेले नाही, त्याच्यासारख्या कोणाला आपल्या नाताळात दार उघडले जाते काय? उत्तर होय असेल, तर तारीख चुकली तरी चालेल.