लंकेला जायचे, पण केव्हा?

विहारात रविवारची वंदना आटोपली की चहाच्या वेळी कोणी ना कोणी आम्हाला गाठतो आणि श्रीलंकेचा विषय काढतो. पासपोर्टला किती दिवस लागतात, माणशी खर्च किती येतो, जेवणाचे काय, सगळे विचारून होते. कोणत्या महिन्यात जावे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्यांना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही, कारण आम्हीही ते विचारले नव्हते.

२०२३ सालची गोष्ट. आमच्या आईचे वय तेव्हा त्र्याहत्तर. अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढीच तिची मागणी. भिशीचे पैसे आले, थोडे पतपेढीचे कर्ज काढले. एलटीसी देशाबाहेर चालत नाही, तेव्हा सारा खर्च खिशातला. मुलांच्या शाळेला दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात, आमची रजा मंजूर झाली तीही नोव्हेंबरात, आणि सहल नेणारे गृहस्थ म्हणाले, "साहेब, लंकेत बारा महिने ऊन." झाले, निघालो.

अनुराधपूरला तीन दिवस मुक्काम होता. तिन्ही दिवस दुपार झाली की आभाळ भरून येई आणि पाऊस कोसळे. बोधिवृक्षाच्या आवारात चप्पल काढावी लागते. ओली फरशी, आईचे गुडघे आणि दोन्ही बाजूंनी धरलेले आम्ही दोघे भाऊ. तिला वृक्ष दिसला, सोनेरी टेकूवर विसावलेल्या त्या फांद्या दिसल्या, पण छत्रीखालून आणि घाईघाईत. मिहिंतलेच्या १,८४० पायऱ्या तर राहूनच गेल्या. थेर महेंद्र जिथे पहिल्यांदा आले ती टेकडी आईने खालूनच पाहिली, हात जोडले आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन." आम्ही वर गेलो खरे, पण लक्ष सगळे खाली.

परत आल्यावर मग आम्ही आधी करायला हवे होते ते काम केले. नकाशा आणि कॅलेंडर घेऊन बसलो.

लंका म्हणजे ६५,६१० चौरस किलोमीटरचे बेट, आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे मोठे. पण त्याच्या दक्षिणमध्य भागात डोंगरांचा गठ्ठा आहे, सर्वात उंच शिखर २,५२४ मीटर. हे डोंगर तिथे तेच काम करतात जे आपल्याकडे सह्याद्री करतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पलीकडे माण-खटावला टँकर, हे आपण पाहतोच. फरक इतकाच की लंकेला पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस. तो कोलंबो, गॉल आणि डोंगराची पश्चिम बाजू भिजवतो. हाच पाऊस पुढे केरळात आणि मग आपल्याकडे येतो. त्या महिन्यांत पूर्वेचे त्रिंकोमाली आणि उत्तरेकडचे अनुराधपूर कोरडे. मग वारा फिरतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस. तेव्हा पूर्व आणि उत्तर ओली, कोलंबोकडे ऊन. या दोघांच्या मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने सर्वात फसवे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पाऊस साऱ्या बेटावर पडतो. आमची दिवाळीची सुट्टी नेमकी तिथे जाऊन पडली होती.

आमचे तीन दिवस भिजले, एवढ्यावर निभावले. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस 'दितवा' चक्रीवादळ त्या बेटावर आले. पूर आला, डोंगर खचले, शेकडो माणसे गेली, रस्ते आणि रेल्वेमार्ग वाहून गेले. ज्यांच्या घरात चिखल शिरला त्यांच्यापुढे आमच्या सहलीचे दुःख ते काय! पण म्हातारी माणसे आणि लेकरे घेऊन त्या दिवसांत जाऊ नये, हे आम्ही आता स्पष्टच सांगतो. दर थोडे कमी आहेत म्हणून कोणी नोव्हेंबर गळ्यात मारीत असेल तर ऐकू नका.

मग जावे केव्हा? पुस्तकी उत्तर सोपे आहे : फेब्रुवारीचा मध्य ते मार्च. पूर्वेचा पाऊस ओसरलेला असतो, पश्चिमेचा सुरू व्हायचा असतो, कोलंबो, कॅंडी, अनुराधपूर तिन्ही एका फेरीत होतात आणि दक्षिणेचा समुद्रही शांत असतो. श्रीपादाच्या डोंगरावर जाण्याचा हंगामही तेव्हा चालू असतो. तो डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत. निवृत्त जोडप्यांनी डोळे झाकून हा काळ धरावा, मात्र समुद्रकाठची हॉटेले तेव्हा महाग असतात. पण ज्यांच्या घरात दहावी-बारावीचे पोर आहे त्यांनी काय करायचे? फेब्रुवारी-मार्च म्हणजे परीक्षा.

शिवाय आपले स्वतःचे कॅलेंडर आहेच. १४ एप्रिलला वस्ती सोडून कोण जाणार? गेला तरी तिथे त्याच सुमारास सिंहली-तमिळ नववर्ष असते, चार दिवस दुकाने बंद, बसगाड्या कमी. ऑक्टोबरात अशोक विजयादशमी, नागपूर. ६ डिसेंबरला चैत्यभूमी. हे सगळे वजा केले की आमच्यासारख्या नोकरदारांच्या हाती राहते ती उन्हाळ्याची सुट्टी.

मे महिन्यात वैशाख पौर्णिमा येते. कोलंबोत रस्तोरस्ती आकाशकंदील, बुद्धचरित्र सांगणाऱ्या दिव्यांच्या भव्य कमानी, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालणारे 'दानसल'. मन ओढ घेते, यात शंका नाही. बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी कोलंबोला गेले ते मे अखेरीलाच. पण ते कामाला गेले होते, हवा पाहून नव्हे. कोलंबोत मे हा वर्षातल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक. तरुण मुले असतील तर भिजत पाहावे, मजा आहे. आईला घेऊन आम्ही जाणार नाही.

आमचे मत विचाराल तर जूनची पौर्णिमा, तिथले 'पोसोन'. महेंद्र थेर मिहिंतलेला आले तो दिवस म्हणून ती पाळतात. तेव्हा कोलंबोला पाऊस असतो, पण अनुराधपूर आणि मिहिंतले कोरडे, वारा भरपूर. जिथे उत्सव तिथेच ऊन, असा हा एकच मोठा सण आम्हाला सापडला. आणि मुलांना समुद्र हवाच असतो, तर अनुराधपूरहून शंभरेक किलोमीटरवर त्रिंकोमाली. तिथला समुद्र त्या दिवसांत पोहण्याजोगा. पश्चिम किनाऱ्यावर मात्र तेव्हा मुलांना पाण्यात सोडू नये, लाटा ओढून नेतात. अडचण गर्दीची. लाखो लोक येतात, म्हणून पौर्णिमेच्या चार दिवस आधी दर्शन उरकून घ्यावे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात अखेरीस. पौर्णिमा कधी सुट्टीत बसते, कधी नाही. नसेल बसत तर मेअखेरीचा आठवडा याच भागापुरता धरावा.

आणखी दोन गोष्टी. तिथे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, बँका-कचेऱ्या बंद, मटण आणि दारूची विक्री बंद. पैसे आदल्या दिवशीच बदलून ठेवावेत. नागपट्टिणमहून कांकेसंथुराईला २०२३ पासून बोट सुरू झाली, पण ईशान्येच्या पावसात ती बंद ठेवावी लागते, म्हणून हिवाळ्यात तिच्या भरवशावर तिकिटे काढू नयेत. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी खात्री करावी.

कोरड्या दिवसांतही एक त्रास आहेच : दुपारी स्तूपाभोवतीचा दगड तव्यासारखा तापतो आणि पाय अनवाणी. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जावे. पांढरे कपडे आपल्या घरात असतातच, त्यात जाड पांढरे मोजे टाकावेत. मोजे घालून चालले तर कोणी हरकत घेत नाही.

पौर्णिमेची तारीख आपल्या आणि त्यांच्या कॅलेंडरात कधी एका दिवसाने, अधिक महिना आला तर महिन्यानेही मागेपुढे होते. आमच्याकडे लंकेचे छापील कॅलेंडर आहे. येत्या रविवारी विहारात घेऊन येतो. ज्यांना रजेचा अर्ज टाकायचा आहे त्यांनी वंदनेनंतर थांबावे.