स्पीडोमीटरचे ‘खोटे’ : काटा पुढे का असतो?

१/
गाडीच्या काट्यावर १००, शेजारी मोबाइलच्या जीपीएसवर ९४. सोलापूर–पुणे महामार्गावर काढलेली अशी चित्रफीत वरचेवर कुठल्या ना कुठल्या गटात येते आणि तिच्याखालचा निष्कर्षही ठरलेला असतो. कंपन्या काटा मुद्दाम पुढे ठेवतात, त्यामुळे किलोमीटर वाढतात, वॉरंटी लवकर संपते. तेव्हा काट्यावर बेलाशक ११० ठेवा. मित्रहो, यातले पहिले विधान खरे आहे. किलोमीटर आणि वॉरंटीचा तर्क त्यातून निघत नाही. शेवटचा सल्ला घातक आहे. हा थ्रेड त्या सल्ल्याच्या विरोधात आहे.

२/
काटा पुढे का, याचे उत्तर कार्यशाळेइतकेच न्यायालयात सापडते. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली. पोलीस स्टॉपवॉच घेऊन आडोशाला बसत, मोजून ठेवलेले अंतर गाडीने किती वेळात कापले ते पाहत आणि खटला भरत. चालकांना या सापळ्यांची आगाऊ सूचना देण्यासाठी १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली! गाडीत वेगमापक असलाच पाहिजे, अशी सक्ती तेव्हा नव्हती. कायदा चालकाला वेगाचा जाब विचारत होता. तो वेग सांगणारे साधन मात्र त्याच्या हाती असेलच असे नव्हते.

३/
साधन जन्माला आले होते. जर्मन संशोधक ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये चुंबकीय वेगमापकाचे पेटंट घेतले. रचना साधी आहे. गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक चुंबक फिरवते. त्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा तोल जिथे साधतो तिथे काटा थांबतो. चुंबक क्षीण झाला, स्प्रिंग सैलावली, उन्हाने वाटी तापली, की काटा हलतो. हे यंत्र अचूक राहील अशी अपेक्षा कोणी धरली नव्हती. किती चूक चालेल, एवढाच प्रश्न होता.

४/
आजच्या गाड्यांत केबलच्या जागी संवेदक आला, तरी मूळ अडचण गेलेली नाही. बहुतेक गाड्या वेग ‘पाहत’ नाहीत. चाकाचे किंवा गिअरबॉक्समधल्या दांड्याचे फेरे मोजायचे आणि त्यांना टायरच्या गृहीत परिघाने गुणायचे, एवढेच घडते. १८५/६५ आर १५ या टायरचा परीघ नवेपणी साधारण १९५ सेंटिमीटर असतो. नक्षी ८ मिलिमीटरवरून १.६ पर्यंत झिजली की तो सुमारे ४ सेंटिमीटरने घटतो. तेवढेच अंतर कापायला चाकाला २ टक्के जास्त फेरे घ्यावे लागतात आणि काटा तितकाच पुढे सरकतो. हवा कमी असली, गाडी माणसांनी भरली, तरी तोच प्रकार थोड्या प्रमाणात घडतो.

५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची वाटावी. कंपनी सरकारचे सर्वेक्षक रस्त्यांची लांबी चाक ढकलत, त्याचे फेरे मोजून काढत. रस्त्याची वळणे आणि चढउतार सगळे त्या मापात येत; म्हणून नकाशा काढताना जेम्स रेनेलसारख्यांना त्यातून वजावट करावी लागे. पुढे १८०२ मध्ये, शुल्झेच्या पेटंटच्या बरोबर शंभर वर्षे आधी, विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभले. तो पोलादी साखळीजवळ तापमापक ठेवी आणि उष्णतेने ती किती लांबली याचा हिशेब करी. (हाच लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे.) आपले साधन चुकते हे दोघांनाही ठाऊक होते आणि ते कोणत्या बाजूला चुकते, हेही.

६/
स्पीडोमीटरच्या नियमाचा गाभा हाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ३९ सांगतो की, दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. मोटारींच्या बाबतीत तो जास्त असला तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किलोमीटर, एवढ्याच मर्यादेत. म्हणजे गाडी खरोखर १०० ने धावत असेल तर काटा १०० ते ११४ च्या दरम्यान कुठेही चालेल. ९९ चालणार नाही. काटा कमी दाखवू लागला तर मर्यादा पाळणारा माणूस नकळत गुन्हेगार ठरेल. म्हणून उत्पादक काटा मुळातच थोडा पुढे बसवतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११७ स्पीडोमीटरविषयी आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था गाड्यांची तपासणी करतात.

७/
आता वॉरंटी. जुन्या गाड्यांत किलोमीटरचे आकडे दातेरी चाकांवर फिरत आणि काटा चुंबकावर. केबल एक, यंत्रे दोन. नव्या गाड्यांतही काट्याला दिलेली वाढ किलोमीटरच्या हिशेबात धरावी लागत नाही. तेव्हा काटा पुढे आहे यावरून किलोमीटरही फुगवलेले आहेत असे सिद्ध होत नाही. तसे कधी घडलेच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. किलोमीटर जास्त मोजले जातात या तक्रारीवरून अमेरिकेत होंडाविरुद्ध सामूहिक दावा झाला आणि २००७ च्या सुमारास तडजोड झाली. तो वाद मात्र ओडोमीटरचा होता.

८/
‘मग जीपीएसच खरे माना.’ मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जात असाल तर जीपीएस काट्यापेक्षा अचूक असते, हे मला मान्य आहे. पण बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत आणि ब्रेक दाबताच जीपीएसचा आकडा क्षणभर मागे रेंगाळतो. त्याची चूक दोन्ही बाजूंना जाऊ शकते. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिली गेली. तिचा कल कोणाकडे आहे हे ठाऊक असल्यामुळेच आपण ती सावधपणे वापरू शकतो. कल माहीत आहे म्हणून कोणी तिच्यातले आकडे स्वतःच्या सोयीने वाढवत नाही. ‘काट्यावर ११० ठेवा’ म्हणणारा नेमके तेच करतो आहे.

९/
कारण चित्रफितीतली ६ ची तफावत त्या गाडीची होती, तुमच्या नव्हे. तफावत शून्य असणेही नियमात बसते. अशा गाडीला कोणी हौसेने २०५/६५ आर १५ टायर बसवले तर परीघ ८ सेंटिमीटरने, म्हणजे ४ टक्क्यांहून अधिक वाढतो. मग काटा ११० दाखवताना गाडी ११४ च्या पुढे असते, आणि काटा कमी दाखवू नये म्हणून केलेली सारी तजवीज मालकाने स्वतःच मोडलेली असते. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर. सबंध वाट मोकळी मिळाली असे धरले तरी १०० ऐवजी ११० ने जाऊन जेमतेम १४ मिनिटे वाचतात. धडकेतली ऊर्जा मात्र २१ टक्क्यांनी वाढते.

१०/
कंपन्यांविषयी माझी तक्रार वेगळीच आहे. काटा पुढे ठेवा, त्याला सबळ कारण आहे. पण आपल्या गाडीचा काटा किती पुढे आहे, हे ग्राहकाला का सांगत नाही? चाचणीत हा आकडा मोजला जातो. तो गाडीसोबतच्या पुस्तिकेत, कोणत्या टायरवर आणि किती हवेवर मोजला त्यासह, एका ओळीत छापता येईल. तुमच्या पुस्तिकेत अशी ओळ सापडली तर त्या पानाचे छायाचित्र खाली जरूर द्या.