पऱ्हाटीचे पुस्तक

मुलांसाठी गोष्टी लिहिणारे निराळे आणि माहितीची पुस्तके लिहिणारे निराळे, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. साने गुरुजींनी ती मानली नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या लेखणीनेच पुढे पुतणी सुधाला पत्रे लिहिली. त्यांत फुलेपाखरे आली, तशा जगातील घडामोडीही आल्या.

वऱ्हाडात आज दोन्हींची निकड आहे. वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवून पऱ्हाटीत राबणाऱ्या पोरीची कथा हवी. तिच्या हाती येणाऱ्या गोष्टींत बहुधा समुद्र आणि नारळीच असतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे का, हेही तिला कळले पाहिजे. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील संशोधकांना दहा वर्षांच्या वाचकासाठी बोंडअळीवर लिहिणे कमीपणाचे वाटू नये. (शेतकऱ्यापर्यंत तरी ते ज्ञान किती पोचले, हा वेगळा विषय!)

बोलीची सबब चालणार नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० सालीच वऱ्हाडीचे सामर्थ्य दाखविले, ती मुलांसाठी नव्हती, इतकेच. मेळघाटचा प्रश्न अधिक बिकट. कोरकू मुलाची मायबोली मराठी नव्हे. तिचे नाते संथाळी-मुंडारीशी. त्याचे पहिले पुस्तक कोरकूतच हवे. त्यात वाघ जरूर असावा, आणि त्या वाघासाठी जी गावे उठली त्यांची हकीकतही.

अमरावती-अकोल्यातील शिक्षक-कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळी सुटीत अशी दोन-चार हस्तलिखिते सिद्ध करावीत. छपाईपुरती वर्गणी गोळा करणे आपल्याला नवे नाही.