पूर आला तर पैसे कोण देणार? आधी तुमची पॉलिसी वाचा



२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि कितीतरी दुकानांतला माल चिखलात गेला. कोळकेवाडी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे पूर वाढला, असा आरोप झाला. प्रशासनाने तो नाकारला. दुकानदारापुढे मात्र एकच प्रश्न होता: माझ्या मालाचे पैसे कोण देणार?

माझं मत स्पष्ट आहे. चूक सरकारची असेल तर जाब विचारलाच पाहिजे. पण त्या भरवशावर धंदा करू नका.

त्या वर्षी सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये जाहीर केले. म्हणजे दहा लाखांचा माल गेला तरी ५० हजारच. याला मदत म्हणतात, भरपाई नाही. कोर्टात जायचं तर साधारणपणे आधी दोन महिन्यांची नोटीस. मग निष्काळजीपणा झाला आणि त्यामुळेच आपलं नुकसान झालं, हे आपणच सिद्ध करायचं. तोवर होलसेलरची उधारी आणि बँकेचा हप्ता थांबतो का?

विमा म्हणजे करार. तिथे तुम्ही मदत नाही, हक्क मागता. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी मिळते. त्यात पूर धरलेलाच असतो. तरीही लोक तीन ठिकाणी अडकतात:

१. रक्कम: माल २० लाखांचा आणि विमा १० लाखांचा असेल, तर ८ लाखांच्या नुकसानीवर साधारण ४ लाखच मिळतात. प्रीमियम वाचवायला गेलात आणि निम्मा क्लेम गेला. दिवाळीआधी स्टॉक वाढवता, तेव्हा विमाही वाढवा.

२. पत्ता: दुकानाचा विमा आहे, पण मागच्या गल्लीतलं गोडाऊन पॉलिसीत लिहिलंय का? बँकेने कर्जासोबत काढलेली पॉलिसी तर नक्की तपासा.

३. पुरावा: खरेदीची बिलं आणि स्टॉकचा हिशोब ऑनलाइन ठेवा, कारण वह्यासुद्धा भिजतात. पाणी ओसरताच कंपनीला कळवा, फोटो-व्हिडिओ काढा, पंचनाम्याची प्रत घ्या. सर्व्हेयर येण्याआधी भिजलेला माल फेकू नका.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

सरकारशी भांडायला ताकद लागते, आणि ती दुकान पुन्हा उघडल्यावरच येते. आज शटर ओढण्याआधी पॉलिसी काढा आणि हे तीन मुद्दे तपासा.